पाणी कोणी आणायचे? डिपेंडन्सी इंजेक्शनचा छोटा इतिहास

नांदेड-लातूरकडची कितीतरी मुलं आज पुण्या-हैदराबादेत वेब ॲप्लिकेशन्स लिहितात. त्यांच्या तोंडी एक शब्द सारखा येतो : डिपेंडन्सी इंजेक्शन. म्हणजे लागणारी वस्तू आत न बनवता बाहेरून हाती देणे. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवले, आम्हाला यात रस का? कारण प्रश्न जुनाच आहे : आपण कशावर अवलंबून आहोत, आणि ते ठरवतो कोण?

आधी लातूर पाहू. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली : दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी एका खेपेला पंचवीस लाख लिटर आणू लागली. मांजरेऐवजी कृष्णेचे पाणी. शहराचे शुद्धीकरण केंद्र मात्र तेच राहिले. त्याला पाणी हवे होते, ते कुठून आणायचे हे बाहेर ठरले. उलट, ज्याची सगळी भिस्त अंगणातल्या बोअरवर होती, त्याचे घर बोअर आटताच अडले.

प्रोग्राममधल्या क्लासला डेटाबेस लागतो. तो त्याने आतच ‘न्यू’ म्हणून बनवला, तर तो झाला अंगणातला बोअर. उगम बदलायचा तर घर खोदा. साधी चाचणी घ्यायची तरी खरा डेटाबेस हवा.

१९९६ साली रॉबर्ट मार्टिन यांनी मांडले की, वरच्या भागाने खालच्या भागाच्या तपशिलावर विसंबू नये, दोघांनी एका ठरलेल्या करारावर विसंबावे. २००२ मध्ये रॉड जॉन्सन यांचे जावावरचे पुस्तक आले. त्यातल्या कोडमधून ‘स्प्रिंग’ ही चौकट वाढली. तोवर या पद्धतीला ‘नियंत्रण उलटे करणे’ असे मोघम नाव होते. जानेवारी २००४ मध्ये मार्टिन फाउलर यांच्या लेखाने ‘डिपेंडन्सी इंजेक्शन’ हे नाव रुळवले. आणि योगायोग बघा, लातूरला रेल्वेने पाणी येत होते त्याच वर्षी, जूनमध्ये, एएसपी डॉट नेट कोअर आले. त्यात ही सोय चौकटीतच होती.

मांडणी सोपी आहे. ॲप सुरू होताना एका जागी नोंद करायची : अमका इंटरफेस मागितला तर तमकी वस्तू द्या. क्लासने आपल्या कन्स्ट्रक्टरमध्ये फक्त मागणी लिहायची. सोबत वस्तूचे आयुष्यही सांगायचे. ट्रान्झियंट म्हणजे दर मागणीला नवी, स्कोप्ड म्हणजे एका रिक्वेस्टपुरती, सिंगलटन म्हणजे अख्ख्या ॲपला एकच. इथे जपायला हवे. सिंगलटनने स्कोप्ड वस्तू धरून ठेवली, तर एका रिक्वेस्टपुरती वस्तू ॲप बंद होईपर्यंत वापरात राहते, आणि एकाची माहिती दुसऱ्याला दिसण्याचा धोका उभा राहतो.

यामुळे परावलंबन संपते, असे मात्र समजू नका. रेल्वे आली म्हणून लातूरची तहान संपली नाही. स्वतःच्याच बळावर उभी अशी वस्तू जगात नाही, हे नागार्जुनांनी कधीच सांगून ठेवले आहे. फरक इतकाच की लपलेले अवलंबित्व आता दारावर लिहिले जाते. कन्स्ट्रक्टरमध्ये दहा मागण्या दिसल्या की कळते, या क्लासने फार पसारा मांडलाय.

पण ठरवण्याचा अधिकार क्लासकडून नोंद करणाऱ्याकडे जातो, हेही विसरू नये. प्रोग्राममध्ये ती नोंद टीममधल्या कुणालाही उघडून वाचता येते. लातूरची भिस्त मांजरेवर, नांदेडची विष्णुपुरीवर. ते आटले तर पुढचे नाव कोणते, आणि ते कुणी ठरवले, हे इथल्या नागरिकाला कुठे वाचायला मिळते? हा प्रश्न गाडी बोलावण्याची वेळ येण्याआधी विचारायचा असतो.