चकवा आणि होकायंत्र

लहानपणी कोकणात आजोळी गेलो की रात्री ओटीवर चकव्याच्या गोष्टी रंगत. अंधारात एकट्याने निघालेल्या माणसाला चकवा लागतो, तो रात्रभर चालत राहतो आणि उजाडल्यावर बघतो तर जिथून निघाला त्याच वडाखाली उभा! पुढे इंजिनिअरिंगची डॉक्टरेट झाली आणि चकव्यावरचा विश्वास साहजिकच उडाला. तो गेल्या ऑक्टोबरात, इथल्या एका स्टेट पार्कमध्ये, भर दुपारी परत बसला.

निमित्त होते ओरिएंटिअरिंगच्या रिले शर्यतीचे. हा खेळ आपल्याकडे फारसा माहीत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. हातात नकाशा आणि होकायंत्र. जंगलात ठिकठिकाणी पांढरे-केशरी झेंडे लावलेले असतात, प्रत्येकावर एक आकडा. ते ठरलेल्या क्रमाने गाठायचे, तिथल्या यंत्राला बोटावरची इलेक्ट्रॉनिक पट्टी टेकवून हजेरी लावायची आणि लवकरात लवकर परत यायचे. वाट ज्याची त्याने शोधायची. आमचा संघ तिघांचा: आधी माझी सोळा वर्षांची लेक, मग मी, शेवटी ऑफिसातला एक फिनिश सहकारी. लेक चौथी आली. मी मोठ्या जोमात निघालो. पुढे लाल सदऱ्यातले एक गृहस्थ इतक्या आत्मविश्वासाने धावत होते की नकाशा सोडून मी त्यांच्या पाठीकडेच बघू लागलो. ते थांबले तिथे थांबलो, त्यांनी हजेरी लावली तिथे मीही लावली. परत आल्यावर कळले की तो झेंडा आमचा नव्हताच. एकाने चुकीच्या झेंड्यावर हजेरी लावली की सगळा संघ बाद! लेक एवढेच म्हणाली, "बाबा, तू नंबर वाचलाच नाहीस?"

घरी आल्यावर, दुखरे गुडघे शेकत, या खेळाचा इतिहास वाचायला घेतला.

हा खेळ जन्मला लष्कराच्या छावणीत. 1886 साली स्वीडनच्या कार्लबर्ग येथील लष्करी अकादमीत 'ओरिएंटेरिंग' हा शब्द वापरात आला. नकाशा आणि होकायंत्राच्या आधारे अनोळखी मुलूख पार करणे, हा त्याचा अर्थ. सामान्य नागरिकांसाठी पहिली जाहीर शर्यत झाली नॉर्वेत, आजच्या ऑस्लोजवळ, 31 ऑक्टोबर 1897 रोजी. धावणारे होते अवघे आठ जण! त्या काळी नॉर्वे आणि स्वीडन एकाच राजाच्या छत्राखाली होते. पुढे 1905 मध्ये ते वेगळे झाले, पण हा खेळ दोघांनीही आपलाच मानला.

त्याला खरे लोकांत आणले ते स्वीडनच्या अर्न्स्ट किलँडर यांनी. हे लष्करी अधिकारी आणि बालवीर चळवळीतले कार्यकर्ते. मैदानी शर्यतींतून तरुण मंडळी गळू लागली आहेत, हे त्यांना खुपत होते. मैदानात येत नसतील तर त्यांना रानात धावायला न्यावे, असे त्यांनी ठरवले. 25 मार्च 1919 रोजी स्टॉकहोमच्या दक्षिणेला त्यांनी भरवलेल्या शर्यतीत दोनशेहून अधिक जण धावले. किलँडरना या खेळाचे जनक म्हणतात ते यासाठी.

मात्र जुन्या होकायंत्रांची सुई डुगडुगत राही आणि ती स्थिरावेपर्यंत धावणाऱ्याचा जीव वरखाली होई. 1930 च्या दशकात स्वीडनमध्येच शेलस्ट्रम बंधू आणि गुन्नार तिलांदर यांनी द्रव भरलेले होकायंत्र पारदर्शक पट्टीवर बसवून बाजारात आणले. द्रवामुळे सुई काही क्षणांत शांत होते. पट्टीची कड नकाशावर 'इथून तिथे' अशी ठेवायची, तबकडी फिरवून नकाशावरच्या उत्तर रेषांशी जुळवायची, मग सुई तबकडीवरच्या खुणेवर येईपर्यंत स्वतः गोल फिरायचे. पट्टीवरचा बाण दाखवील ती आपली दिशा. कागद-पेन्सिलीचे गणित संपले! या बंधूंपैकी ब्योर्न शेलस्ट्रम 1946 मध्ये अमेरिकेत आले आणि या देशात खेळ रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. थोडक्यात, तेही आपल्यासारखेच बाहेरून आलेले.

नकाशेही बदलले. आरंभी लष्कराचे वा सरकारी सर्वसाधारण नकाशे वापरत, त्यांत बारीकसारीक खडक, डबकी कुठून असणार? पुढे खास या खेळासाठी रंगीत नकाशे निघू लागले. त्यांतला पांढरा भाग म्हणजे सहज धावता येईल असे जंगल, हिरवा जितका गडद तितकी झाडी दाट, पिवळा म्हणजे मोकळे रान. तपकिरी समोच्चरेषा वाचता आल्या की कागदावरची टेकडी डोळ्यांसमोर उभी राहते. मला मात्र ही अक्षरओळख चाळिशीनंतर झाली. सह्याद्रीत भटकलो ते गावातल्या मामांना "गडाची वाट कुठली?" असे विचारत, मळलेली वाट आणि ढोरवाट यांतला फरक ठेचा खात शिकत. किनारपट्टीलगतच्या भागाचे तपशीलवार सरकारी नकाशे तेव्हा विद्यार्थ्यांच्या हाती सहजी पडत नसत. भारतात हे निर्बंध खऱ्या अर्थाने सैल झाले ते 2021 साली.

पण मला सर्वांत भावली ती फिनलंडची युकोला रिले. 1949 पासून ही शर्यत होते. प्रत्येक संघात सात धावपटू. जूनमधल्या शनिवारी रात्री सुरुवात, कपाळावर दिवे बांधून शेकडो लोक एकदम रानात शिरतात आणि शेवटचा गडी रविवारी उजेडात येतो. सातच का? तर अलेक्सिस किवी यांच्या 1870 च्या 'सात भाऊ' या कादंबरीवरून. युकोला हे त्या भावांचे घर. वाचायला शिकायचा कंटाळा म्हणून हे भाऊ शिकवणीच्या खोलीतून पळतात आणि रानात जाऊन राहतात. बरेच टक्केटोणपे खाऊन शेवटी वाचायला शिकतात आणि गावात परत येतात. माझ्या सहकाऱ्याने हे सांगितले तेव्हा लेकीचे "वाचलाच नाहीस" पुन्हा कानात वाजले.

त्यानेच रिलेतली मेखही सांगितली. सगळे एकदम सुटले तर मागचा पुढच्याच्या मागे फुकट धावेल. म्हणून आयोजक मधले काही झेंडे संघासंघांत वेगळ्या क्रमाने वाटतात. शेवटी सगळे संघ तेवढेच अंतर तोडतात, पण त्या क्षणी शेजारचा कुठे चालला आहे यावर विसंबता येत नाही. माझे लाल सदरेवाले अगदी बरोबर होते. फक्त ते त्यांच्या झेंड्याकडे चालले होते!

चकव्याचेही कोडे सुटले. 2009 साली जर्मनीतील संशोधकांनी माणसांना जंगलात आणि वाळवंटात चालायला लावले. सूर्य वा चंद्र दिसेनासा झाला की सरळ चालतो आहोत असे वाटत असूनही ती गोल फिरून आपल्याच वाटेवर आली. म्हणजे चकवा बाहेर नसतो, बाहेरची खूण सुटली की तो आतूनच लागतो.

परदेशी आलेल्या आपल्यासारख्यांना असा लाल सदरा फार लवकर सापडतो. कोणत्या गावात घर घ्यायचे, मुलांना कोणत्या क्लासला घालायचे, हे आपण पुढच्याच्या पाठीकडे बघून ठरवतो. लेकीसाठी कॉलेजांची यादी मीही अशीच मित्राकडून उतरवून घेतली होती. ती फ्रिजवर महिनाभर लटकली होती आणि तिने तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नव्हते. शर्यतीनंतरच्या रविवारी मी ती काढली आणि तिला विचारले, "तुझ्या नकाशावर काय आहे?" ती तासभर बोलली. भूगर्भशास्त्र म्हणते आहे. माझ्या छातीत थोडे धडधडले, खोटे कशाला सांगू? पण झेंडा तिचा आहे, आकडा तिने वाचला आहे.

वसंतात पुढची रिले आहे. या वेळी पहिला मी धावणार, कारण लेक म्हणाली, "मागे कोणी बरोबर नंबर वाचणारा असलेला बरा."