नेम चुकतोय: हात की हत्यार?

(हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो त्यांच्यासाठी लिहून काढलाय. बोलण्याची भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)

मागच्या आठवड्यात मालेगावहून एक व्हॉइस नोट आली. मालेगाव म्हणजे आपलं, वाशिम जिल्ह्यातलं. नाशिकवाल्यांनी लगेच खूश होऊ नये. पोरगा विशीतला असावा. आवाजात वैताग.

"भाऊ, क्लबच्या जुन्या लांब पिस्तुलावर माह्यं बरं चालू होतं. आता सोताचं नवं कॉम्पॅक्ट एअर पिस्तूल घेतलं. बाबानं सोयाबीन इकून पैसे देल्ले. अन् छर्रे सारे खाली, डाव्या बाजूले चालले. काहून होऊन राह्यलं समजत नाही. वापस करायले आठच दिवस राह्यले. करू का?"

मी काही शूटिंगचा कोच नाही, इतिहासाच्या गोष्टी सांगतो. पण हा प्रश्न ऐकला आणि वाटलं, अरे, हा तर इतिहासाचाच प्रश्न आहे. नेम चुकला की दोष हाताचा की हत्याराचा? नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण कधी कधी अंगण खरंच वाकडं असतं ना! ते ओळखायचं कसं?

आधी हे छोटं पिस्तूल आलं कुठून ते बघू. एकोणिसावं शतक संपता संपता जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने खिशात मावेल असं, आपोआप पुढची गोळी भरणारं पिस्तूल घडवलं आणि बेल्जियमच्या एफएन कारखान्याने ते बनवायला घेतलं. महाराष्ट्राच्या इतिहासात हे नाव शिरलं ते १९०९ साली. सावरकरांनी लंडनहून २० ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली. इंडिया हाऊसचा स्वयंपाकी चतुर्भुज अमीन याच्या सामानातून ती इकडे आली. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या खटल्यात हीच पिस्तुलं पुढे आली. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. तो सगळा विषय वेगळ्या भागाचा. इथे मुद्दा एवढाच, की हे पिस्तूल लपवायला सोपं म्हणून लहान केलेलं होतं. समोरचा माणूस चार पावलांवर असेल, असं धरून. दहा मीटरवरच्या ठिपक्यासाठी नाही.

आणि ठिपका म्हणजे केवढा? १० मीटर एअर पिस्तुलात दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं असतं. शर्टाची गुंडी धरा. ती दहा मीटरवर लावा आणि एका हाताने मारा. दुसरा हात लावायची परवानगी नाही.

यासाठी जी पिस्तुलं बनत गेली त्यांचा इतिहास मला फार आवडतो. तो म्हणजे हत्याराच्या चुका एकेक करून काढून टाकण्याचा इतिहास आहे. सुरुवातीच्या एअर पिस्तुलात स्प्रिंग असायची. ट्रिगर दाबला की आतला जड पिस्टन पुढे धाडकन आदळायचा, आणि छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत पिस्तूल हललेलं असायचं. म्हणजे तुम्ही कितीही स्थिर राहा, हत्यारच धक्का देणार. १९६५ च्या सुमारास जर्मनीच्या फाइनवर्कबाऊ कंपनीने यावर डोकं चालवलं. त्यांनी नळी आणि यंत्रणा अशी बसवली की धक्का बसला की तीच मागे सरकेल आणि हातापर्यंत तो पोचणारच नाही. पुढे स्प्रिंगच गेली. आधी कार्बन डायऑक्साइडची नळकांडी आली, मग दाबलेल्या हवेची. हाताच्या आकाराची लाकडी मूठ आली, तीही कानशीने घासून, पुट्टी भरून आपल्या पंजाला बसवायची. शेवटी इलेक्ट्रॉनिक ट्रिगर आला.

आता एवढ्या सगळ्या चुका काढल्यावर उरलं काय? माणूस.

म्हणूनच कॉम्पॅक्ट पिस्तूल अवघड जातं. नळी आखूड म्हणून छर्रा वाकडा जातो असं नाही. गडबड आहे दोन साइटमधल्या अंतराची. समजा पुढचा आणि मागचा साइट यांच्यात ३० सेंटीमीटर अंतर आहे आणि जुळवणीत एक मिलिमीटरचा फरक राहिला. दहा मीटरवर छर्रा सुमारे ३३ मिलिमीटर सरकतो, म्हणजे चार वर्तुळं. तेच अंतर २० सेंटीमीटर असेल तर ५० मिलिमीटर, सहा वर्तुळं! डोळ्याला दिसलेली चूक तेवढीच. त्यात पुढचं वजन कमी, म्हणून बोटाने जरा हिसका दिला की तोंड लगेच फिरतं. उजव्या हाताने मारणाऱ्याचे छर्रे खाली डावीकडे जायला लागले तर अनुभवी कोच पहिला संशय बोटावरच घेतात. ट्रिगर सरळ मागे ओढण्याऐवजी बोट बाजूने ढकलतं, किंवा आवाज व्हायच्या आधीच पूर्ण पंजा आवळला जातो. लांब, जड पिस्तूल हे झाकून घ्यायचं. छोटं पिस्तूल चुगली करतं.

पण प्रत्येक वेळी बोटच दोषी असतं का? आपल्या कोल्हापूरची राही सरनोबत बघा. २०१३ मध्ये कोरियातल्या चांगवॉनला २५ मीटर पिस्तूलमध्ये तिने वर्ल्ड कपचं सोनं घेतलं. पिस्तुलात असं सोनं आणणारी ती पहिली भारतीय. नंतर कोपराची दुखापत झाली. नेमबाजाचं कोपर म्हणजे गवयाचा गळा. बराच काळ खेळ थांबला. या वेळी बिघाड हातातच होता आणि नवीन पिस्तूल आणून तो सुटणार नव्हता. तिने मुंखबायार दोर्जसुरेन यांना कोच म्हणून घेतलं. या मूळच्या मंगोलियाच्या, पुढे जर्मनीकडून खेळलेल्या. दोन्ही देशांकडून त्या विश्वविजेत्या झाल्या आहेत.

२२ ऑगस्ट २०१८, पालेमबांग, एशियन गेम्स. राही ५८० गुणांसह सातव्या क्रमांकाने फायनलला आली, म्हणजे जेमतेम. सोळा वर्षांची मनू भाकर ५९३ करून पहिली. फायनलमध्ये राही आणि थायलंडची नफास्वान यांगपैबून दोघी ३४ वर अडकल्या. शूटऑफ झाला, त्यातही बरोबरी. दुसरा शूटऑफ झाला आणि राहीने तो घेतला. एशियन गेम्समध्ये नेमबाजीचं सोनं घेणारी पहिली भारतीय महिला! मनू त्या दिवशी सहावी आली. गेम्सचा विक्रम सकाळी, सहावा क्रमांक फायनलला. हा खेळ असाच आहे.

आता उलटी गोष्ट, मनूचीच. २५ जुलै २०२१, टोकियो ऑलिम्पिक, १० मीटर एअर पिस्तूल. पहिल्या दहा शॉटमध्ये ९८. छान सुरुवात. मग पिस्तूलच बिघडलं. दुरुस्तीत सुमारे वीस मिनिटं गेली आणि घड्याळ काही थांबत नाही. परत आली तेव्हा ४४ शॉट बाकी आणि वेळ ३६ मिनिटं. पुढच्या सिरीज ९५, ९४, ९५, ९८, ९५. एकूण ५७५, क्रमांक बारावा, फायनल दोन गुणांनी हुकली. इथे अंगण खरंच वाकडं होतं. तरी लोकांनी सोशल मीडियावर तिला काय काय ऐकवलं, ते तुम्हाला आठवत असेल. मला तेव्हा फार राग आला होता, अजूनही येतो. २८ जुलै २०२४ ला पॅरिसमध्ये त्याच प्रकारात तिने ब्राँझ घेतलं.

म्हणजे दोन्ही शक्य आहे. म्हणून भाऊ, वापस करायच्या आधी क्रम पाळ. मी ओळखीच्या एका कोचला विचारून घेतलं, आणि त्याला तुझ्या व्हॉइस नोटचं अजिबात नवल वाटलं नाही.

आधी हात बाजूला काढ. क्लबच्या रेंजवरच, कोचसमोर, पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकव आणि सावकाश पाच छर्रे मार. पाचही एका ठिकाणी दाटीने पडले तर हत्यार ठीक आहे. दाटी आहे पण मध्यापासून बाजूला, तर फक्त साइट फिरवायचा. ज्या दिशेला छर्रा न्यायचा, त्या दिशेला मागचा साइट. पिशवीवरूनसुद्धा छर्रे विखुरले, तर साइटचे आणि मुठीचे स्क्रू बघ, दुसऱ्या कंपनीचे छर्रे वापरून बघ. तरी विखुरलेच तर बिनधास्त वापस कर.

आणि पिशवीवर दाटी, हातात आलं की खाली डावीकडे? मग साइटला हात लावू नको. इथे बहुतेक जण चुकतात. साइट फिरवून चूक झाकतात, आणि ज्या दिवशी बोट नीट चालतं त्या दिवशी छर्रा वर उजवीकडे जातो. त्यापेक्षा ड्राय फायर कर. पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा तपासायचं, छर्रे दुसऱ्या खोलीत ठेवायचे, आणि कोऱ्या भिंतीकडे बघून ट्रिगर दाबायचा. टार्गेट नाहीच, नजर फक्त पुढच्या साइटवर. 'टक' झालं तेव्हा तो हलला का? हलला तर तुझं उत्तर तिथेच आहे. मूठ पंजात सैल फिरत असेल तर तीही कोचकडून घासून, भरून घे. क्लबच्या पिस्तुलाची मूठ वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या हातांनी झिजलेली होती, ही नवी कोरी आहे.

हे सगळं मी त्याला पाठवलं. तीन दिवसांनी फोटो आला. पिशवीवरचे पाच छर्रे, एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातील असे. खाली व्हॉइस नोट: "भाऊ, पिस्तूल चांगलं निंघालं. बाबाले सांगतलं. ते म्हणे, मंग आता तुलेच वापस करा लागन का?"