२ फेब्रुवारी १६६१ : माहूरच्या रायबागन उंबरखिंडीत

यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेवरून वाहणारी पैनगंगा ओलांडली की माहूर. तिथल्या उदाराम देशमुखांच्या घराण्यातील सावित्रीबाई म्हणजेच रायबागन. जहांगीरच्या काळात उदाराम निजामशाहीतील मलिक अंबरचा पक्ष सोडून मोगलांना मिळाले. पतीच्या मागे सावित्रीबाईंनी जहागीर सांभाळली आणि रणांगणावर फौजही चालवली. राजव्याघ्री असा अर्थ असलेला रायबागन हा किताब त्यांना औरंगजेबाने दिल्याचे सांगतात.

मोगल सुभेदार शाएस्ताखानाने आपला सरदार कारतलबखान याला कोकणात धाडले, तेव्हा त्या सोबत होत्या. आजच्या खालापूर तालुक्यातील उंबरखिंडीत शिवरायांनी ही फौज अचूक कोंडली. पुढे वाट नाही, मागे शिवरायांचे सेनापती नेताजी पालकर. घसा कोरडा पडलेल्या सैन्याचा नाश टळावा म्हणून रायबागन यांनी खानाला महाराजांपुढे शरण जाण्याचा स्पष्ट सल्ला दिला. खानाने तो मानला, खंडणी भरली आणि महाराजांनी सर्वांना सुखरूप जाऊ दिले. कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारता’त हा प्रसंग आला आहे.

त्या शत्रुपक्षात होत्या, म्हणून त्यांचे शहाणपण कमी ठरत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड-पुसदच्या शाळांतून आज त्यांचे नाव मुलांना जरूर सांगावे.