पद्मिनीचा पत्रा

मुंबईची जुनी काळी-पिवळी टॅक्सी आठवते? ती प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी स्थापलेल्या कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात, इटलीच्या फियाटवरून बनवलेली.

या गाडीला वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. म्हणून दाराखालची पट्टी गंजली की कणाच खचतो. समुद्राची खारी हवा आणि पावसाळा हे काम गुपचूप करतात, आणि वरून कुणीतरी पुट्टी भरून रंग मारलेला असतो! जाणता डेंटर आधी लोहचुंबक फिरवतो. चिकटला नाही, तर आत पुट्टीच. घागरीला डाख देतात तसं इथे भागत नाही, गंजलेला तुकडाच कापावा लागतो. पण त्याआधी दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी टेकू द्यायचा. नाहीतर बॉडी झुकते आणि दार लागत नाही. मग नवा पत्रा हातोडीने घडवून वेल्डिंग.

शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. हौशी मालकांच्या काही पद्मिनी आज गॅरेजात नव्या होतात. ज्यांच्यावर घरं चालली, त्या टॅक्सी मात्र बहुतेक भंगारात गेल्या.