शब्दवेध : दिलासा

'पावसाने दिलासा', 'कर्जदारांना दिलासा': वर्तमानपत्रांनी हा शब्द पार गुळगुळीत करून टाकला आहे. त्यात आपल्याला 'आशा' ऐकू येते, पण तिचा इथे संबंध नाही. शब्द फारसी. 'दिल' म्हणजे मन. 'आसा' आला 'आसूदन'वरून, म्हणजे विसावणे. जीवाला विसावा देणारे ते दिलासा. मागितलेले मिळेलच, असे वचन या शब्दात कुठेही नाही.

नागपुरात हा अर्थ पाहायचा तर उमरेड रोडवरच्या ताजाबादला, ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यावर जावे. बाबा १८६१ साली कामठीत जन्मले. वडील तान्हेपणीच गेले, आईही लहानपणीच. पुढे लोकांनी त्यांना वेडे ठरवले आणि १८९२ मध्ये नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात टाकले. तिथेच भेटायला माणसांची रीघ लागली! ज्याचे स्वतःचे सगळे हिरावले गेले, त्याच्याकडे लोक धीर मागायला जात होते. १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना सोडवून शक्करदऱ्याच्या वाड्यात आणले. हिंदू राजाच्या घरी मुसलमान फकीर. नागपूरकरांना त्यात नवल वाटले नाही.

आजही ताजाबादच्या दर्ग्यावर फुलांची चादर घेऊन बाया-बापे येतात. कुणाचा पोरगा गेलेला, कुणाची कूस रिकामीच राहिलेली. मन्नत फळली नाही तरी येणे थांबत नाही, आणि परतताना चेहरा हलका असतो. माझ्या मते ही भोळसट समजूत नाही, देवावरची खरी भिस्त आहे.

बाबा १७ ऑगस्ट १९२५ रोजी गेले. उरूस मोहरममध्ये भरतो.