गाडीसेंटर, टायरसेंटर, डोकीसेंटर

धर्मापुरीला बाहेरचा माणूस येतो तो केदारेश्वरासाठी. चालुक्यकाळातले ते देऊळ आणि त्याच्या भिंतींवरच्या सुरसुंदरी पाहिल्याशिवाय मराठवाड्याच्या शिल्पकलेवर लिहिणाऱ्याचे काम पुरे होत नाही. पण परळी तालुक्यातल्या या मुलखाचा एक मोठा इतिहास रस्त्यावर घडला आहे. दसरा सरला की बीड जिल्ह्यातली लाखो माणसे घराला कुलूप लावून पाच-सहा महिन्यांसाठी ऊसतोडीला निघतात. भाकरीचा तवा, ज्वारीची पोती, तट्ट्या, लेकरे, शेळ्या असे सगळे बिऱ्हाड बरोबर असते. त्या बिऱ्हाडाला कोणती गाडी घ्यायची, हा इथला जुना प्रश्न आहे.

अलीकडे शहरातली काही हौशी माणसे लडाख-स्पितीच्या आडवाटांसाठी राहती गाडी बांधून घेतात. घेण्याआधी ती विचारतात, वजन किती झेपेल, चिखलात चाक रुतेल का, पाणी किती साठवायचे, आडरानात मोडली तर दुरुस्त कोण करणार? जगभरच्या अशा प्रवाशांची आवडती युनिमॉग ही जर्मन गाडीही मुळात शेतीसाठीच जन्मली. दुसऱ्या महायुद्धानंतर आल्बर्ट फ्रीडरिश या अभियंत्याने तिचा आराखडा केला, तेव्हा दोन चाकांमधले अंतर बटाट्याच्या दोन सऱ्यांच्या हिशेबाने ठरवले होते. शेतातून निघालेले वाहन पुढे घर झाले. इथल्या बालाघाटाच्या डोंगररांगेत हे त्याच्या कितीतरी आधी घडले होते.

पहिली निवड तर चाकच नको अशी होती. रस्ते नव्हते, तेव्हा लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य आणि मीठ दख्खनभर फिरवत. सतराव्या शतकात आलेला फ्रेंच व्यापारी ताव्हर्निए एकेका तांड्यात दहा-बारा हजार बैल असल्याचे लिहून गेला आहे. 1803 मध्ये जालन्याच्या बाजूला असईची लढाई झाली, त्या मोहिमेत आर्थर वेलस्लीच्या फौजेचे धान्य याच लोकांच्या बैलांवर अवलंबून होते. घाट चढायचा असो की नदी उतरायची, पाठीवरच्या ओझ्याला वाट लागते ती फक्त बैलाच्या खुरांपुरती. संसारही त्याच पाठीवर. पुढे सडका झाल्या, रेल्वे आली आणि तांड्यांचा हा व्यापार मोडला.

मग राहिली बैलगाडी. तिचे चाक घडवणे हे सुतार आणि लोहार दोघांचे काम. सुताराने बाभळीच्या लाकडाचा तुंबा, त्यात ठोकलेले आरे आणि भोवतीचे पुठ्ठे जुळवून चाक उभे करायचे. लोहाराने त्यापेक्षा किंचित लहान घेराची लोखंडी धाव करायची, गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होईपर्यंत तापवायची, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि घणाचे ठोके घालत लगेच पाणी ओतायचे. तापून फुगलेली धाव गार होताना आवळते आणि साऱ्या सांध्यांना करकचून धरून ठेवते. या चाकाचा मोठा गुण म्हणजे ते कुठल्याही गावात दुरुस्त होई. दोषही होता. अरुंद धाव ओल्या काळ्या मातीत सुरीसारखी उतरे आणि ओझे जरा वाढले की बैलांचा जीव मेटाकुटीला येई.

या गाडीला लांबचा प्रवास घडवला तो साखरेने. 1950 च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना उभा राहिला, पाठोपाठ नगर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात धुराडी वाढत गेली. उसाला पाटाचे पाणी होते, पण तोडायला माणसे कमी पडत. बालाघाटात माणसे होती, पाणी नव्हते. 1972 च्या दुष्काळाने ही ये-जा कायमची करून टाकली. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरायचा आणि हंगामभर तोडून ती उचल फेडायची, ही रीत घट्ट बसली. याच परळी तालुक्यातल्या नाथ्र्याचे गोपीनाथ मुंडे पुढे ऊसतोड कामगारांचे नेते म्हणून ओळखले गेले.

सुरुवातीच्या काळात कितीतरी बिऱ्हाडे स्वतःची गाडी स्वतःच्या बैलांनी हाकत कारखान्यापर्यंत जात. वाटेत मुक्काम पडे, गाडीखाली अंथरूण पडे, जुवाशेजारी चूल पेटे. कारखान्यावर पोचले की गाडीवरच्या तट्ट्या उतरवून, वर उसाचे पाचट घालून कोपी उभी राही. दिवसा तीच गाडी ऊस वाही. हे गाडीसेंटर. बैलांना उसाचे वाढे फुकट मिळे, उरलेले विकून चार पैसे हाती येत. बैल आणि गाडी पावलांच्या वेगाने जाणार, म्हणून ऊस कारखान्याच्या आसपासचाच तोडायचा आणि मुक्काम हंगामभर एकाच तळावर. लेकराला शेजारच्या शाळेत बसवायचे म्हटले तर त्याला निदान काही अर्थ होता.

मग रबरी टायर आले. हवेच्या रुंद टायरमुळे ओझे जमिनीवर पसरते आणि बेअरिंगमुळे ओढ हलकी होते, त्यामुळे त्याच बैलजोडीकडून कितीतरी जास्त ऊस वाहता येतो. कारखान्यांना हे फायद्याचे होते. त्यांनी लोखंडी टायरगाड्या करून मजुरांना वापरायला दिल्या, हे टायरसेंटर. वाढलेल्या ओझ्याचा भार मात्र बैलांच्या मानेवरच राहिला. बंगळुरूच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी 1970 च्या दशकात बैलगाडीचा अभ्यास हाती घेतला. देशाची केवढी मालवाहतूक या गाडीवर चालते ते त्यांनी दाखवून दिले आणि जू, चाक, बेअरिंग सुधारून जनावराचा त्रास कमी करा, असा आग्रह धरला. साखरपट्ट्यात टायर पोचले, पण जू बहुतेक ठिकाणी जुनेच राहिले. उतारावर भरलेली टायरगाडी बैलांच्या अंगावर येते, खांदे सुजतात, हे तळावरच्या कुणालाही विचारावे.

आणखी एक बदल झाला आणि तो टायरपेक्षा मोठा आहे. लाकडी गाडी बिऱ्हाडाच्या मालकीची होती, टायरगाडी कारखान्याची. बैल आपले, चाके दुसऱ्याची. हंगाम संपला की गाडी परत करायची आणि गावी परतायला वाहन शोधायचे.

ट्रक आणि ट्रॅक्टरने बैलही काढून घेतले. मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायच्या, म्हणून हे डोकीसेंटर. वाहन लांब जाऊ शकते, म्हणून तोडही लांबची. एका गावचा फड संपला की कोपी मोडून दुसऱ्या गावी, पुन्हा तिसऱ्या. मुक्काम हलला की शाळा सुटते, पाण्याची जागा नव्याने शोधावी लागते, गरोदर बाईला दवाखाना कुठे आहे तेच ठाऊक नसते. ट्रक रात्री-अपरात्री आला तरी भरून द्यावा लागतो. परळीहून कोल्हापूरकडे किंवा पलीकडे कर्नाटकात आता टोळ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जातात. चारशे किलोमीटरच्या आसपासची वाट, खाली सामान आणि सामानावर माणसे. पूर्वी दिवस मोजत व्हायचा तो प्रवास आता रात्रीत होतो. ज्याला यात फक्त प्रगती दिसते, त्याने ट्रॉलीतल्या म्हातारीकडे आणि तान्ह्या लेकराकडे एकदा नीट पाहावे.

वाहन जसजसे जोरकस झाले, तसतसे त्यात राहणाऱ्याचे त्यावरचे नियंत्रण कमी होत गेले. गाडीसेंटरवरचा माणूस बैल विकून उचलीचा काही भाग तरी फेडू शकत होता. डोकीसेंटरवरच्या कोयत्याकडे विकायला कोयताच उरतो.

2021 मध्ये महाराष्ट्र सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. राहत्या गाड्यांसाठी पाणी, वीज आणि पोचरस्ता असलेले तळ असावेत, असे त्यात म्हटले आहे. पर्यटकांना ही सोय जरूर मिळावी. पण राज्यातली सर्वात मोठी फिरती वस्ती दरवर्षी ठरलेल्या महिन्यात, ठरलेल्या कारखान्यांवर येते, तिचा तळ कुठे पडणार हे कारखान्याला आणि मुकादमाला आधीच माहीत असते. तिथे नळ, संडास आणि दिवा गळीत सुरू होण्यापूर्वी तयार ठेवायला कुठल्याही नव्या शोधाची गरज नाही.