ड जीवनसत्त्व आणि स्वप्रतिकार विकार : ठाणे, कल्याण-डोंबिवली

ड जीवनसत्त्व हे मेदात विरघळणारे द्रव्य बहुतांशी त्वचेतच, उन्हातील अतिनील-बी किरणांमुळे तयार होते. यकृत आणि मूत्रपिंड यांतून जाताना त्याचे कॅल्सिट्रायॉल हे क्रियाशील रूप बनते. काम पाहता ते संप्रेरकच आहे.

ठाणे-डोंबिवलीचा पट्टा सुमारे 19.2 उत्तर अक्षांशावर आहे. येथे सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो. मेच्या मध्यावरचा शून्य सावलीचा दिवस लोक गच्चीवर जाऊन पाहतात, जुलैअखेरचा मात्र बहुधा ढगांत जातो. ऊन असे मुबलक असताना शरीरात ड कमी असण्याचे मूळ दिनक्रमात आहे. सकाळच्या कोवळ्या उन्हात लोकल पकडायची, दिवस मुंबईतल्या कार्यालयात काढायचा आणि दिवेलागणीनंतर परतायचे. अतिनील-बी किरण भरपूर असतात ते सावली आपल्यापेक्षा आखूड असताना, म्हणजे दुपारच्या सुमारास, आणि खिडकीची काच ते बहुतेक अडवते. सावळ्या त्वचेला उन्हात अधिक वेळ लागतो. आहारातून मिळते ते बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांतून आणि अंड्याच्या बलकातून. शाकाहारी घरांत ही वाटही बंद असते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील संशोधकांनी 25 ते 35 वयाच्या 1137 निरोगी व्यक्ती तपासल्या. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे 70 टक्के जणांची पातळी मिलिलिटरला 20 नॅनोग्रॅमपेक्षा कमी होती.

हाडांपलीकडे या द्रव्याचा संबंध प्रतिकारयंत्रणेशी आहे. टी व बी पेशी आणि भक्षक पेशी यांच्यात त्याचे ग्राही असतात. कॅल्सिट्रायॉल दाह वाढवणाऱ्या टी पेशींना आवरते आणि नियामक टी पेशींना बळ देते. आमवात, ल्युपस, सोरायसिस, हाशिमोटोचा थायरॉइड विकार या स्वप्रतिकार विकारांत यंत्रणा स्वतःच्याच ऊतींवर उलटते, म्हणून ड आणि हे विकार यांचा संबंध अभ्यासला गेला. परंतु रुग्णांत ड कमी आढळले म्हणून तेच आजाराचे कारण ठरत नाही: आजारी माणूस घराबाहेर कमी पडतो, आणि दाहामुळेही रक्तातील पातळी घटते.

अधिक वजनदार पुरावा अमेरिकेतील ‘व्हायटल’ चाचणीचा आहे. तीत पन्नाशीपुढील 25,871 जणांपैकी निम्म्यांना रोज 2000 एकके ड दिले गेले. 2022 मधील निष्कर्षांनुसार पाचेक वर्षांत ड घेणाऱ्यांत 123, तर इतरांत 155 नवे स्वप्रतिकार विकार निश्चित झाले. घट 22 टक्क्यांची, पण प्रत्यक्ष आकडे लहान, आणि गोळ्या थांबल्यावर हा लाभ टिकला नाही. शिवाय ही चाचणी प्रतिबंधाची होती. जडलेला आमवात ड घेऊन बरा होतो, असे तिच्यातून निघत नाही. आमवाताची औषधे सोडून कोणी ‘डी थ्री’वर विसंबत असेल, तर सांधे कायमचे झिजण्याचा धोका तो ओढवून घेतो.

ड जीवनसत्त्वाची 60,000 एककांची पुडी किंवा कॅप्सूल सहसा आठवड्याला एक, ठरावीक आठवडेच देतात. ती रोज घेतल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मळमळ, वारंवार लघवी, मूतखडा आणि मूत्रपिंडाची हानी होऊ शकते.

ल्युपसच्या रुग्णांना ‘थोडे ऊन घ्या’ हा सल्ला घातक ठरू शकतो, कारण उन्हाने त्यांचा आजार भडकतो. त्यातच दीर्घकाळ स्टेरॉइड चालू असले तर हाडे ठिसूळ होतात. अशा रुग्णांचे ड रक्ततपासणी करून, वैद्यकीय देखरेखीखाली गोळ्यांतूनच भरून काढावे लागते.